चौथ्या चाकाची हवा

“आणि पेडलवर कोण बसणार?”

चंद्राप्पा वस्तादांनी हे विचारलं तेव्हा प्रज्वल मगदूम गाडीखाली उताणा पडला होता. हातात पाना, नाकावर गंज.

“कुणी नाही. मी एकटा करतो.”

“ब्रेकची हवा एकट्याला निघत न्हाई, इंजिनेर.”

‘इंजिनेर’ हे त्याचं इथलं नाव. मेकॅनिकलची तीन वर्षं करून, चौथ्याच्या तोंडावर कॉलेज सोडून आलेला पोरगा, आणि पहिल्या दिवशी त्यानं पाना उलटा धरला होता. वस्ताद हसले नव्हते. नाव मात्र तेव्हाच पडलं.

गाडी त्याच्या आईच्या वडिलांची. जुनी स्टेशन वॅगन. पुढून चार गाड्यांसारखीच, पण मागं छत शेवटपर्यंत लांबत गेलेलं, आणि मागचं दार खाली पाडलं की त्याचा ओटा व्हायचा. आजोबा होते तेव्हा तिच्यात नऊ माणसं बसायची. पोरं मागं, त्या ओट्यावरून पाय सोडून. आजोबा गेले आणि गाडी अठरा वर्षं मामाच्या गुऱ्हाळाच्या छपरात उभी राहिली. मामा म्हणाला, घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल. गाडीबद्दल म्हणाला की भाच्याबद्दल, ते प्रज्वलनं विचारलं नाही.

ही त्याची पहिली गाडी. त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. आणि ‘येत नाही’ म्हटल्यावर हाकलून न देणारा एकच माणूस त्याला भेटला. गडहिंग्लजच्या बाहेर, संकेश्वर रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये.

हाकललं नाही, पण शिकवलंही नाही. रस्त्याकडं पाठ करून वस्ताद एका जुन्या टायरवर बसायचे. बघायचे. म्हणायचे, “परत कर.”

सडलेला तळाचा पत्रा कापून नवा जोडला. परत कर.

कार्बोरेटर खोलून, धुऊन बसवला. परत कर.

असे चार महिने गेले. तेवढ्या काळात वस्तादांनी गाडीला बोट लावलं नव्हतं. आत तर ते कधी बसलेच नव्हते.

आता फक्त ब्रेक राहिले होते. ब्रेक झाले की आजरा, मग आंबोली, मग घाट उतरून खाली वेंगुर्ला. वेंगुर्ल्यात त्याच्या ओळखीचं कुणीही नव्हतं. म्हणूनच त्याला तिथं जायचं होतं.

ब्रेकच्या नळीत तेल असतं. त्यात हवा राहिली की पेडल उशीसारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली पडून चाकामागचं निपल, हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करायचं, बुडबुडे निघाले की आवळायचं, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. दाब. दाबलं. सोड. एकेका चाकाला वीस-पंचवीस वेळा.

“मग तुम्ही बसा की,” प्रज्वल म्हणाला.

“मी पेडलवर बसत न्हाई.”

“का?”

…

“घरी कोण हाय तुझ्या?” वस्तादांनी विचारलं.

“आईवडील. इचलकरंजीला.”

“बापाला बोलव.”

“त्यांच्या मते मी बंगळुरात आहे.”

वस्तादांनी भुवई उचलली.

“चुलतबहिणीच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना तसंच सांगितलं त्यांनी. पोरगा बंगळूरला ट्रेनिंगला गेलाय म्हणून. हेडमास्तर आहेत, खोटंही नीट मांडून सांगतात. मी वरच्या खोलीत होतो. खाली पंगत बसलेली. आईनं ताट वर आणून दिलं.”

“जेवलास?”

“भूक लागली होती.”

वस्ताद म्हणाले, “जा. माणूस आण.”

प्रज्वल शेडच्या मागं बोअरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. मोबाइल काढला. चारशेच्या वर नंबर होते. अंगठ्यानं सरकवत गेला. सुजय, कॉलेजच्या खोलीतला जोडीदार, एक वर्ष पुढं होता, आता हिंजवडीत नोकरीला. त्याला ‘कुठं आहेस’ असं लिहिलं, मग पुसलं. काय सांगणार होता? ये आणि माझ्यासाठी पेडल दाबून बस?

‘बाबा’ हे नाव आलं. दर रविवारी सकाळी दहाला या नावाचा फोन यायचा. तो वाजू द्यायचा. वाजून वाजून थांबला की पुढच्या रविवारपर्यंत शांत.

त्यानं मोबाइल खिशात घातला. समोर लाकडाचा एक तुकडा पडला होता.

…

पेडल आणि सीट यांच्यातलं अंतर त्यानं सुतळीनं मोजलं. फळी कापली. पेडलवर पाच-सहा वेळा पाय मारला, दाबून धरलं, आणि फळी मध्ये ठोकून बसवली. खाली गेला, निपल सैल केलं, बुडबुडे आले, निपल आवळलं, वर येऊन फळी काढली. पुन्हा तेच. वर-खाली, वर-खाली, चारी चाकं. दुपार कलली तेव्हा गुडघे सोलले होते, पण पेडल दगडासारखं लागत होतं.

“वस्ताद, झालं.”

“कोण आलं हुतं?”

“कुणी नाही. डोकं वापरलं.”

वस्ताद उठून गाडीशी आले. खिडकीतून आत बघितलं. सीटवर फळी पडली होती. तिच्याकडं ते नको इतका वेळ बघत राहिले.

“बस आत. दाब.”

प्रज्वलनं दाबलं. कडक.

“आता उतर. च्या पिऊन ये.”

तो रस्त्याकडेच्या टपरीवर गेला, चहा प्यायला, आला.

“दाब.”

पेडल अर्ध्यापर्यंत खाली गेलं. मऊ, शिळ्या भाकरीच्या कुस्करासारखं.

“आता परत दाब.”

दुसऱ्यांदा कडक लागलं.

“बघा, लागतंय की.”

“दुसऱ्यांदा,” वस्ताद म्हणाले. “आंबोलीच्या वळणाला तुला दुसऱ्यांदा दाबायला सवड मिळंल?”

…

प्रज्वलनं दार आपटलं. अठरा वर्षांच्या गंजाची पूड खाली पडली.

“तुम्हा म्हाताऱ्यांना दुसरं येतं काय? चार महिने टायरवर बसून हुकूम. परत कर, परत कर. तिकडं घरी एकजण खुर्चीत बसून तेच करायचा. दोन मिनिटं पाय लावला असता पेडलला तर काय झिजणार होतं तुमचं? माणूस आण म्हणे. असता तर इथं आलो असतो का मी?”

वस्ताद परत टायरवर जाऊन बसले.

त्यानं फळी उचलली आणि शेडच्या कोपऱ्यात, तेलाच्या पिंपामागं भिरकावली. ती लाकडावर आपटल्यासारखी वाजली.

तो बघायला गेला. पिंपामागं आणखी एक फळी उभी होती. तेलानं काळीकुळकुळीत. एका टोकाला पेडलच्या आकाराची खाच, कापलेली नव्हे, झिजून पडलेली. त्यानं आपली फळी तिच्याशेजारी धरली. दोन बोटांचा फरक.

ती घेऊन तो बाहेर आला.

“हे काय आहे?”

“फळी.”

“किती वर्षं?”

“एकतीस.”

“म्हणजे मला माणूस आण म्हणायचं आणि स्वतः लाकडावर भागवायचं.”

“व्हय.”

प्रज्वल भांडणाच्या तयारीत होता. पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण समोरचा म्हातारा ‘व्हय’ म्हणाला, आणि असं म्हणणारा म्हातारा त्यानं आजवर बघितला नव्हता. ते वाक्य तसंच राहिलं.

“त्याच्या आधी कोण बसायचं?” त्यानं विचारलं.

“भाऊ. शिवलिंग.”

“वारले?”

वस्तादांनी मान वळवली. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी रस्त्याकडं बघितलं. पलीकडं एक हिरवं फाटक होतं, आत चाफा, चाफ्याखाली तुळशीची कुंडी.

“थितं ऱ्हातोय.”

…

“मी खाली हुतो,” वस्ताद म्हणाले. “दाब म्हटलं न्हवतं. त्यानं दाबलं. तेल डोळ्यात आलं. मी आईवरनं शिवी दिली. आई त्याचीबी तीच. त्यो उठला आणि रस्ता वलांडून गेला.”

“डोळा?”

“आठ दिसांत बरा झाला.”

प्रज्वलनं रस्ता नजरेनं मोजला. वीस पावलं असतील, लहान पोराची पंचवीस. त्याला हसू यायला हवं होतं.

“आणि एवढ्या गाड्या सोडल्या तुम्ही, त्यांचे ब्रेक?”

“लागतात. दोघांना तासाचं काम. फळीनं दोन दिवस. तीन तीन डाव करतो. पहिल्यांदा दाबल्यावर लागला की मगच सोडतो.”

“मग झालं तर,” प्रज्वल म्हणाला. आवाजातला राग गेला होता. त्याच्या जागी जे आलं होतं ते त्याचं त्यालाच गार लागलं. “मीही दोन दिवस लावतो. मला घाई नाही. ही तुमची फळी द्या मला. खाच तयार आहे.”

आणि तो ती फळी घेऊन गाडीकडं निघाला.

“इंजिनेर.”

तो थांबला.

वस्ताद टायरवरून उठले. गुडघ्यावर हात देऊन, टप्प्याटप्प्यानं. जवळ येऊन त्यांनी त्याच्या हातातली फळी काढून घेतली. तिच्या खाचेवरून अंगठा फिरवला, आणि ती पाण्याच्या हौदाला टेकवून ठेवली. मग गाडीचं दार उघडलं. चपला काढल्या, देवळात काढतात तशा, जोडीनं. आत बसले. अनवाणी पाय पेडलवर ठेवला.

प्रज्वल मागच्या, सगळ्यात लांबच्या चाकापाशी आडवा झाला. पाना लावला. वाट बघितली.

वर काहीच होईना.

“वस्ताद?”

“तू म्हटल्याबिगर दाबायचो न्हाई.”

…

“दाबा,” प्रज्वल म्हणाला.

“दाबलं.”

पाना सैल. फसफसत फेस आला, मग तेल. पाना घट्ट.

“सोडा.”

“सोडलं.”

“दाबा.”

“दाबलं. हलकं लागतंय अजून.”

फळी हे सांगत नव्हती. प्रज्वलच्या ते तेव्हा लक्षात आलं. दुसरं चाक झालं, तिसरं लागलं. हुकूम तो देत होता आणि एक सत्तरीचा माणूस तंतोतंत ऐकत होता. त्यात मजा वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटली नाही. आवाज आपोआप खाली येत गेला, वस्तादांचा मात्र चढत गेला. दाबलं. सोडलं. दाबलं. पत्र्याच्या शेडमध्ये तो घुमून रस्त्यापार जात असणार.

कारण गाडीखालून, दोन चाकांच्या मधून, प्रज्वलला हिरवं फाटक दिसलं. ते उघडलं. बनियनवर एक म्हातारा आला, हातात झाडांना पाणी घालायचा तांब्या. तो फाटकात उभा राहिला. तांब्या तिरपा झाला होता आणि पाणी त्याच्या पायावर सांडत होतं. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

“दाबा,” प्रज्वल हळू म्हणाला.

वरून उत्तर आलं नाही.

…

तांब्यातलं पाणी संपलं. म्हातारा आणखी थोडा वेळ उभा राहिला. कुणी हाक मारील अशा बेतानं, आणि मारलीच तर ऐकू आली नाही म्हणता येईल इतक्या लांब. मग तो वळला. फाटकाची कडी लागल्याचा आवाज इकडंपर्यंत आला.

“दाबलं,” वस्ताद म्हणाले.

तिसरं चाक संपलं. तेल स्वच्छ, एक बुडबुडा नाही.

प्रज्वल पुढच्या चौथ्या चाकाकडं सरकला. वस्तादांच्या पायाखालचं, सगळ्यात जवळचं. तेवढ्यात गाडी हलली. वस्ताद खाली उतरले होते, चपलांत पाय घालत होते.

“वस्ताद, एक चाक राहिलंय.”

“राहू दे.”

“पंधरा मिनिटांचं काम आहे.”

“ठाऊक हाय.”

“मग मी निघू कसा?”

वस्ताद टायरवर जाऊन बसले. या वेळी रस्त्याकडं तोंड करून. फाटक बंद होतं. सांडलेलं पाणी मातीत काळं दिसत होतं, आणि तेही वाळत चाललं होतं.

प्रज्वल गाडीखालून बाहेर आला. हातातला पाना कुठं ठेवावा हे त्याला सुचेना. रिकाम्या सीटकडं बघत तो तसाच उभा राहिला.

…

“इचलकरंजीवरनं हितं यायला किती वेळ लागतोय रं, इंजिनेर?”