खुर्चीकडं बघणारे मासे

"मग ते कुणाकडं बघतात, माई?"

दगडी डोणीवर वाकून माई पाण्यावरचं हिरवं शेवाळ हातानं बाजूला सारत होत्या.

"माई, मी विचारतोय काहीतरी."

"ऐकलं की. बहिरी नाही झाले अजून. कोण बघतंय आणि कुठं, ते तर सांग आधी."

आवडामाईंचा मठ गावाबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला. मठ म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक उंबर आणि अंगणभर मांडलेल्या जुन्या दगडी डोणी. त्या डोणींमधून माई पाण्यातली झाडं लावायच्या. ओढ्यातली, नदीच्या पात्रातली, कुठली कुठली. कुणी ज्ञान मागायला यायचं, कुणी रोप मागायला. माई रोप ओंजळभर द्यायच्या, ज्ञान मात्र हात आखडून.

अच्युत त्यांचा जुना शिष्य. काचेच्या टाकीत वाळूखाली माती किती घालायची, झाडाची मुळं कशी दाबायची, मासे सोडण्याआधी पाणी कसं मुरू द्यायचं, सगळं तो इथंच शिकला. पुढं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागला आणि एक दिवस येऊन म्हणाला, माई, तुमची ही माती घालायची पद्धत काही शास्त्रीय नाही. माई म्हणाल्या, असेल बाबा. शिवाय जाताना एक रोप दिलं. त्यानंतर हा शहाणा इकडं फिरकला नव्हता.

आज आला होता. नाक अजून वरच होतं, पण डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"तात्यांची टाकी," तो म्हणाला. "बाहेरच्या खोलीतली."

तात्या म्हणजे त्याचे वडील, निळकंठराव. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती टाकी मांडली. खाटेएवढी लांब. आत रुंद पानांची झाडं, मागं गवताचं रान, मधोमध शेवाळ चढलेलं लाकूड. टाकीच्या डाव्या अंगाला त्यांची वेताची खुर्ची. रोज दिवेलागणीला तिथं बसायचं, माशांना खाऊ टाकायचा आणि बघत राहायचं. पावसाळ्यात तात्या गेले. खुर्ची राहिली.

"देवापाशी दिवा लागला की टाकीतले सगळे मासे डाव्या कोपऱ्यात येतात," अच्युत म्हणाला. "पंगतीला बसल्यासारखे ओळीनं उभे राहतात. तोंड बाहेर, खुर्चीकडं. मी उजवीकडून खाऊ टाकतो. एकसुद्धा हलत नाही. खाऊ तळाला जातो."

"सवय असेल. धनी गेल्यावर कुत्रंसुद्धा दारात बसतं."

"मीही तेच म्हटलं. म्हणून खुर्ची माळ्यावर टाकली."

"मग?"

"त्या दिवशी सगळे पाण्याच्या वर आले. तोंडं वर करून... माळ्याकडं."

माईंचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासे तोंडं वर काढतात. तूच शिकवशील मला."

"मोजला, माई. भरपूर होता."

"मग खुर्ची अजून माळ्यावरच आहे?"

"नाही. आईनं खाली आणली, एकटीनं. कशी आणली ते विचारू नका, तिला जिना चढायचीही बंदी आहे." अच्युतनं कपाळ चोळलं. "शेवटी मी मासेच बदलले. जुने सगळे एका ओळखीच्याला देऊन टाकले. माती काढली, झाडं काढली, काचा धुतल्या. महिनाभर पाणी मुरवलं. कोल्हापूरहून नवे मासे आणले. त्यांनी तात्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, माई."

"हं."

"दोन दिवस नीट होते. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला... डाव्या कोपऱ्यात. ओळीनं."

माईंनी हात पाण्यातून काढले आणि पदराला पुसले. "तुला भीती कशाची वाटते? मासे तर मासे. बघेनात का कुठंही."

इथं मात्र अच्युतचा आवाज फुटला.

"आईची. तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, आता एक आठवडाही थांबू नका. आणि ती म्हणते, हे इथं बसलेत आणि मी यांना एकटं टाकून दवाखान्यात कशी जाऊ? रोज त्या खुर्चीशेजारी चहा नेऊन ठेवते. मी समजावून समजावून थकलो. पालथ्या घड्यावर पाणी. ती माशांकडं बोट दाखवते आणि म्हणते, मला वेड लागलंय म्हणतोस, यांनाही लागलंय का?"

"मग काय ठरवलंस?"

"उद्या टाकी मोडणार. मासे नसले की दाखवायला काही उरणार नाही. मग येईल ती."

"मासे नसले म्हणजे निळकंठराव कुठं बसलेत एवढंच कळायचं नाही," माई म्हणाल्या. "बाकी काय बदलणार?"

अच्युतच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो भुताखेतं मानणाऱ्यांतला नव्हता. वर्गात असल्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांची तो टिंगल करायचा. पण गेले कित्येक दिवस तो दिवेलागणीच्या वेळी खाऊ टाकून झाला की घरात असूनही नसल्यासारखा वागत होता, कधी मोरीत, कधी मागच्या दारी, आणि हे त्यानं बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

"काहीतरी उपाय सांगा, माई. पाण्यात घालायचं, मातीत पुरायचं, काहीही. मी वाद घालणार नाही."

"एवढी पाळी आली का तुझ्यावर?" माई हसल्या. मग त्यांनी दाराआडची काठी घेतली. "चल. उन्हं उतरायच्या आत पोचू."

अच्युतच्या आईनं माईंना वाकून नमस्कार केला, बसायला पाट दिला. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. अच्युतला सगळ्यांत जास्त धास्ती वाटायची ती याचीच. माणूस घाबरला तर त्याला धीर देता येतो. ही तर घरात पाहुणा असल्यासारखी हलक्या पावलानं वावरत होती.

"कसं आहे, प्रमिला?" माईंनी विचारलं.

"बरं आहे. तुम्ही आलात, बरं झालं. त्यांनाही बरं वाटेल." आणि ती दिवा लावायला आत गेली.

खोलीत अंधारून आलं होतं. टाकीचा दिवा तेवढा चालू. नवी झाडं ताठ उभी होती, पाणी काचेगत स्वच्छ. अच्युतनं खरंच सुरेख मांडली होती टाकी, माईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

आतून घंटीचा आवाज आला.

पानांच्या मागून पहिला मासा निघाला. मग दुसरा. मग सगळेच, घाई नाही, गडबड नाही. डाव्या कोपऱ्यात येऊन ते ओळीनं उभे राहिले. कल्ले तेवढे हलत होते. काचेपलीकडं वेताची खुर्ची, रिकामी, आणि तिच्याशेजारी स्टुलावर कालच्या चहाच्या कपाचा वाळलेला गोल डाग.

अच्युत उजव्या कडेला, दिव्याच्या बटणांपाशी उभा होता. हातात खाऊचा डबा. त्यानं चिमूट टाकली. खाऊ पाण्यावर पसरला आणि हळूहळू खाली जायला लागला.

"बघा," तो कुजबुजला.

पण माई माशांकडं बघत नव्हत्या. त्याच्याकडं बघत होत्या.

"तू तिथं का उभा?"

"इथूनच टाकतो खाऊ."

"रोज?"

"रोज."

"खुर्ची आहे की."

"ती तात्यांची."

"ते असताना कुठं उभा राहायचास?"

"इथंच. कॉलेजातून आलो की जाता जाता पाणी बघायचो. शेवाळ वाढलंय, पाणी बदला, एवढं सांगायचं आणि आत जायचं."

"आणि निळकंठराव काय म्हणायचे?"

अच्युतनं खाऊच्या डब्याचं झाकण लावलं.

"काय म्हणायचे, अच्युता?"

"म्हणायचे, बस की जरा. मग अंग चोरून खुर्चीत एका बाजूला सरकायचे. जशी काय त्या खुर्चीत दोन माणसं मावणार होती."

"मग तू?"

"म्हणायचो, काम आहे."

"काम असायचं?"

"नाही."

इतकी वर्षं अच्युतला वाटत होतं, म्हाताऱ्याला टाकीचं कौतुक करून हवंय. म्हणून तो मुद्दाम चुकाच दाखवायचा. म्हाताऱ्याला कौतुक नको होतं. शेजारी माणूस हवं होतं.

"बस," माई म्हणाल्या.

"कुठं?"

माईंनी काठीनं खुर्ची दाखवली.

"माई, तिथं..."

"तिथं काय? कुणी नाही म्हणतोस ना? मग बस."

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची पाचावर धारण बसली. त्यानं खाऊचा डबा टाकीच्या झाकणावर ठेवला, टाकीच्या कडेला हात लावत लावत, अंधारात चाचपडावं तसा तो डावीकडं आला. खुर्चीसमोर उभा राहिला. मासे काचेपलीकडून बघत होते. त्याच्याकडं नाही, त्याच्या कमरेच्या उंचीला, बसलेल्या माणसाचा चेहरा जिथं असतो तिथं.

"तात्या," तो अगदी हळू म्हणाला, का ते त्यालाही कळलं नाही. "जरा... बसू का?"

आणि बसला.

बैठक कोमट लागली. दिवसभर खिडकीतून ऊन येतं, त्यानं स्वतःची समजूत घातली. पण त्या खोलीची एकुलती एक खिडकी उत्तरेला होती.

मासे हलले नाहीत. अच्युतनं श्वास रोखून धरला. इतक्या जवळून, इतक्या खालून त्यानं ती टाकी कधी पाहिलीच नव्हती. झाडांच्या मुळांशी अंधार होता आणि त्या अंधारात पानं हलत होती.

मग एक मासा वळला.

त्याच्या मागून दुसरा. एकेक करत सगळी ओळ वळली. लाकडाला वळसा घालून, पानांमधून वाट काढत ते निघाले. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. उजव्या कोपऱ्यात पुन्हा ओळ धरली. तोंड बाहेर.

बटणांपाशी. जिथं आत्ता अच्युत उभा होता.

तिथं कुणी नव्हतं.

अच्युतनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

तेवढ्यात आई चहाचा कप घेऊन आतल्या दारातून आली. दार बटणांच्या बाजूलाच. दोन पावलं टाकली आणि उंबऱ्यापाशीच थबकली. तिनं माशांकडं पाहिलं. मग खुर्चीत बसलेल्या मुलाकडं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि अंग चोरून जरा बाजूला झाली, अरुंद जागेत कुणाला वाट द्यावी तशी.

किती वेळ तशीच उभी होती कोण जाणे. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण तोंडावर हसू होतं. सासरी निघालेल्या पोरीला निरोप देताना असतं तसं.

"झालं वाटतं त्यांचं बसून," ती म्हणाली.

ती खुर्चीपाशी आली. कप स्टुलावर ठेवायला वाकली, आणि ठेवला नाही. अच्युतच्या हातात दिला.

"पी. गार होईल."

अच्युतनं कप दोन्ही हातांनी धरला.

"मिरजेला कधी जायचं म्हणत होतास?" आईनं विचारलं.

"उद्या... उद्यासुद्धा जाता येईल."

"मग उद्याच जाऊ. माझं लुगडं तेवढं वाळायला हवं." डोळे पुसत ती आत निघून गेली. जाताना बटणांपाशी क्षणभर थांबली, काही बोलली नाही.

माशांची ओळ तशीच होती. उजव्या कोपऱ्यात, काचेला नाकं लावून. तळाला पडलेल्या खाऊला एकानंही तोंड लावलं नव्हतं.

माई पाटावरून उठल्या. काठी घेतली. दाराशी जाऊन पायात चपला सरकवायला लागल्या.

"माई," अच्युत म्हणाला. त्याची नजर बटणांखालच्या रिकाम्या जागेवरून हलत नव्हती. "माई, मी उठतो. मला इथं..."

माईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आता लगेच उठू नकोस. मोठ्या माणसानं उठून जागा दिली की जरा वेळ बसावं."