वाटेची चिमूट

डोंगराच्या पायथ्याशी, जिथं पिवळी सोनकी आणि निळी कारवी थेट अंगणापर्यंत फुलत यायची, तिथं आंबळी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात बकुळा नावाची मुलगी राहायची. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कोणतं, हे तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. एक लाल ठिगळ, एक जांभळं, एक मोरपंखी. पण तुम्ही तिची कीव करू नका. तिला ते मुळीच आवडायचं नाही.

बकुळाच्या घरचं किराणा दुकान होतं. आता तुम्ही म्हणाल, दुकान असून गरीब कसे? सांगते, जरा दम धरा. ते दुकान तिच्या पणजीनं, तान्हाबाईनं सुरू केलं. चिंचेखाली एक गोणपाट, त्यावर मिठाची पाटी आणि हातात तराजू, एवढाच तिचा पसारा. पावसाळ्यात वरच्या वाडीच्या बायका मीठ घेऊन डोंगर चढायच्या आणि दमट हवेत त्यातलं थोडं वाटेतच विरघळून जायचं. तान्हाबाईला ते खपेना. मी शेरभर मीठ विकलं तर बाईच्या मडक्यात शेरभरच पडलं पाहिजे, असं ती म्हणाली, आणि काटा बरोबर झाल्यावर वर एक चिमूट घालायला लागली. तिला ती ‘वाटेची चिमूट’ म्हणायची.

पुढं आजोबांनी गोणपाटाच्या जागी फळ्या ठोकल्या, बाबांनी वर कौलं घातली. मिठाशेजारी गूळ आला, हळद आली, काचेच्या बरणीत रंगीत लिमलेटच्या गोळ्या आल्या. डाळ काही वाटेत विरघळत नाही, पण चिमूट सगळ्यावरच पडत राहिली. कुणाकडं बाळ जन्मलं की डिंकावर जरा मोठी, कुणी आजारी असलं की साबुदाण्यावर आणखी मोठी. अशानं कोणी श्रीमंत होतं का? नाही झाले. आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

वाटलं ते मोतीशेठला. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं दुमजली दुकान होतं आणि काटा बरोबर करायला तो तिळाचेसुद्धा दोन तुकडे करायचा. त्याच्याकडची गिऱ्हाइकं जेव्हा “शेठ, वाटेचं घाला की” म्हणायला लागली, तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तडक राजाकडं गेला आणि बरोबर झालेला काटा हलवणं ही लबाडीच आहे, असं सांगून त्यानं राजाचे कान भरले. झालं, गावात दवंडी पिटली गेली. काटा बरोबर झाल्यावर वर काही घालून ज्याच्या हातून तो हलेल, त्याच्या दुकानाला कायमचं कुलूप. येत्या बाजाराला राजाचा तोलदार, म्हणजे वजनकाटे तपासणारा अंमलदार, स्वतः येऊन बघणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

बाबांनी तराजू खाली ठेवला. मग हळूच म्हणाले की उद्यापासून चिमूट घालायची नाही, दुकान वाचलं पाहिजे. आईनं पदर डोळ्यांना लावला. बकुळाला मात्र असा राग आला की तिचे कान लाल झाले. चिमूट गेल्यावर मागं काय राहणार, नुसती पोतीच ना, असं ती म्हणाली, आणि शिकेकाई गोळा करायची टोपली उचलून रानात निघून गेली.

रानाच्या आत एक जुनी, विसरलेली बाग होती. तिथं ऊन हिरवं होऊन खाली यायचं, झऱ्याच्या पाण्यावर सोनेरी ठिपके नाचायचे, आणि इवल्या इवल्या फुलपाखरांची पिवळी गर्दी असायची. तिथं जाईच्या वेलीवर बकुळाला एक परी दिसली. इटुकली, जाईच्या कळीएवढी. तिचे चिमुकले पंख मलूल होऊन खाली लोंबत होते आणि कमरेला मोहरीएवढ्या पारड्यांचा सोन्याचा तराजू लटकत होता.

परी म्हणाली की ती फार लांबून उडत आली आहे, भुकेनं जीव कासावीस झालाय, तर कणभर गूळ मिळेल का? बकुळाच्या परकराच्या ओच्यात दुपारचा खाऊ होता, गूळ-भाकरी. तिनं गुळाचा एक कण पानावर ठेवला. मग सवयीनं तिची बोटं पुन्हा गुळाकडं गेली आणि तिनं वर आणखी एक कण ठेवला.

“मी एकच मागितला होता,” परी म्हणाली.

“हा वाटेचा. तुला परत लांब जायचंय ना,” बकुळा म्हणाली.

परीनं दोन्ही कण खाल्ले आणि तिचे पंख आधी गुलाबी, मग केशरी, मग चंदेरी झाले. खूश होऊन तिनं बकुळाला एक वरदान देऊ केलं. पण पऱ्यांचे नियम कडक असतात बरं का. मागायचं ते आपल्या घरचंच मागायचं, दुसऱ्याचं नाही. आणि मिळेल ते परीच्या काट्यावर तोलून, रतीभर कमी नाही की रतीभर जास्त नाही.

बकुळानं दुकान वाचव म्हणून सांगितलं. परीनं मान हलवली. हुकूम राजाचा होता, बकुळाच्या घरचा नव्हता, तो तिला बदलता येईना. पण तुझ्या घराण्यानं आजवर घातलेल्या चिमट्या तुमच्याच आहेत, त्या मी परत आणू शकते, ती म्हणाली, आणि तिनं तराजू हलवला. गवतावर ढीगच ढीग दिसायला लागले. मिठाचा शुभ्र, हळदीचा पिवळाधमक, मिरचीचा लालेलाल, साखरेचा चमचमता. झाडांच्या शेंड्यांना लागले की ते ढीग! एवढ्या मालात सात दुकानं उभी राहिली असती आणि बकुळाला रेशमी परकर आला असता.

“आणि जिथं त्या गेल्या होत्या, तिथं काय राहील?” बकुळानं विचारलं.

तिथून त्या नाहीशा होतील, परी सहज म्हणाली. बकुळानं पुन्हा त्या ढिगांकडं पाहिलं. आता तिला त्यांत माणसं दिसायला लागली. त्या साबुदाण्याची खीर पिऊन तापातून उठलेला सुताराचा गणू. त्या हळदीत पिवळी झालेली कुंभाराची नवरी. त्या मिठाची भाकरी खाऊन डोंगर चढणारी वरच्या वाडीची धोंडाआजी. बकुळानं टोपली काखोटीला मारली.

“मला नको तुझं वरदान. दिलेलं परत घेणारं दुकान आमचं नाही,” ती म्हणाली. आणि रागाच्या भरात पुढं म्हणाली, “तुम्ही पऱ्या रतीभरसुद्धा जास्त देत नाही, म्हणूनच तुमची वरदानं घरी पोचेपर्यंत विरघळून जातात. आमच्या दुकानात असं चालत नाही.”

परीला असं तोंडावर आजवर कोणी बोललं नव्हतं. ती आधी रुसली, मग विचारात पडली, मग खुदकन हसली. तिनं हवेतून चिमूटभर उजेड घेतला आणि बकुळाच्या बोटांवर ठेवला. हे वरदान नव्हे, हे वाटेचं, असं म्हणाली आणि जाईच्या पानांआड दिसेनाशी झाली. घरी येऊन बकुळानं बघितलं तर हातात काहीच नव्हतं. नखांत जरा चकाकी होती, ती कुठल्या फुलाची असेल असं तिला वाटलं.

बाजाराचा दिवस उजाडला. तोलदार हातभर लांबीचं कुलूप घेऊन दुकानासमोर बसला आणि त्याच्या शेजारी मोतीशेठ मिशीला पीळ देत बसला. सगळा गाव जमला होता. पहिली धोंडाआजीच आली मीठ घ्यायला. बकुळानं तराजू धरला, मीठ घातलं, काटा सरळ उभा राहिला. बाबांनी तिचा हात घट्ट पकडला आणि नको ग पोरी, म्हणाले. आज गप्प राहू, पुढं केव्हातरी पुन्हा घालू.

“बाबा, आज नाही घातली तर पुढं कधीच घालणार नाही आपण,” बकुळा म्हणाली. भीती तिलाही वाटत होती. पण ती तोलदाराच्या डोळ्याला डोळा भिडवून मोठ्यानं म्हणाली, “ही वाटेची, आजी.” आणि तिनं चिमूट घातली.

काटा हलला नाही.

तोलदार वाकला. आणखी घाल, म्हणाला. बकुळानं घातली. काटा जागचा हलेना. तिनं मूठभर घातलं, मग ओंजळभर, पारड्यावर पांढरा डोंगर झाला, त्यातून बारीक बारीक चांदण्या उडायला लागल्या, आणि काटा आपला ताठ उभा. लोक टाचा उंचावून बघत होते.

मोतीशेठ संतापला. लबाडी आहे, काटा अडकवलाय, दाखवतो, असं म्हणत तो पुढं आला आणि बकुळाच्याच पोत्यातलं मीठ चिमटीत घेऊन त्यानं पारड्यात टाकलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं वर काही घातलं, तेही दुसऱ्याचं. धाडकन पारडं जमिनीला टेकलं.

तोलदार उठला. वर घालून ज्याच्या हातून काटा हलेल, त्याच्या दुकानाला कुलूप, हुकूम हुकूम असतो, तो म्हणाला. आणि कुलूप घेऊन तो चालू लागला गावाच्या दुसऱ्या टोकाकडं, मोतीशेठ त्याच्यामागं धावला. लोक असे हसले की चिंचेवरचे पोपट उडाले. बाबांनी बकुळाला उचलून तान्हाबाईच्या जुन्या पाटीशेजारी बसवलं आणि तराजू तिच्या मांडीवर ठेवला.

गर्दी पांगल्यावर जाईच्या रंगाच्या झग्यातली एक चिमुरडी फळीशी आली. तिला खडीसाखरेचा एकच खडा हवा होता. बकुळानं तो दिला आणि वर आणखी एक ठेवला. चिमुरडीनं दोन्ही खडे मुठीत धरले, तिचे डोळे गुलाबी, केशरी, चंदेरी चमकले, आणि ती बघता बघता उजेड होऊन गेली. सगळं दुकान क्षणभर सोनेरी झालं, पोती, बरण्या, कौलंसुद्धा.

“सावकाश जा,” बकुळानं त्या उजेडाला हाक मारली. “वाटेचं दिलंय.”

गोष्ट इथं संपली, काटा बरोबर झाला. आता ही तुमची वाटेची चिमूट. दुसऱ्या दिवशी मोतीशेठची बायको मान खाली घालून मीठ घ्यायला आली. घरात कण नव्हता. लोक म्हणाले, हिला काट्याइतकंच दे, रतीभर जास्त नको. बकुळानं कुणाचं ऐकलंय आजवर? तिनं काटा बरोबर केला आणि वर चांगली मोठी चिमूट घातली.