मोठ्या बाईंच्या वहाणा

फार वर्षं झाली. काटेदऱ्याच्या शाळेत तेव्हा रुळाचा तुकडा घंटा म्हणून टांगलेला होता, आणि हेडमास्तरीण होत्या कृष्णाबाई. गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे. त्यांचा नियम एकच होता. घंटेनंतर येईल त्यानं उन्हात उभं राहायचं, मग तो पाटलाचा असो की मेंढक्याचा. या सारखेपणाचा बाईंना अभिमान होता.

पण उन्हात रोज डोंगरावरच्या मेंढक्यांच्या वस्तीचीच पोरं उभी दिसत. एक दिवस त्यांतली सगुणा चक्कर येऊन पडली. तिचा बाप आला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "उद्यापासनं शेरडं राखंल ही. तितं घंटा नसती, बाई."

ते बोलणं बाईंच्या जिव्हारी लागलं. त्या तशाच वस्तीची वाट चढू लागल्या. अर्ध्यावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण आडवं होतं. पाटलानं गावची जुनी वाट आपल्या वावरात घेतली होती. पोरं अख्ख्या डोंगराला वळसा घालून येत होती. कुंपण कुणाचं, उशीर कुणाला, आणि ऊन कुणाच्या डोक्यावर? बाईंच्या अंगाची लाहीलाही झाली, आणि सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा. नियम सारखा केला, वाट पाहिलीच नाही.

वाट मोकळी करा म्हणून सांगायला बाई वाड्यावर गेल्या, तेव्हा पाटील ओट्यावर सुपारी कातरत होता. "शाळेची शिस्त तुम्ही बघा, बाई. वावराचं आम्ही बघतो."

"उशीर तुम्ही करता पाटील, आणि शिक्षा मी लेकरांना देते. आता ती मीच घेते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वहाणा घंटेखाली काढून ठेवल्या आणि त्या अनवाणी उन्हात उभ्या राहिल्या. शिपायानं घंटेवर टोल घातला, पण आवाज उमटला नाही. पुन्हा घातला, रूळ मुकाच. असं म्हणतात की गावातली दळणाची जातीसुद्धा त्या दिवशी फिरताना वाजली नाहीत. पाटलाचा मुलगा बाईंशेजारी येऊन उभा राहिला, मग एकेक करत सारी शाळा. ते पाहून बायका विळे-कोयते घेऊन निघाल्या. पाटील आडवा आला, तशी त्याचीच म्हातारी आई म्हणाली, "सरक रं. माझा नातू उन्हात हाय." बायकांनी कुंपण तोडलं. त्या वाटेनं येऊन सगुणेनं शाळेच्या अंगणात पाऊल टाकलं, आणि रूळ आपोआप वाजला. तो आवाज पार खालच्या खोऱ्यात गेला, असं म्हणतात.

बाईंच्या वहाणा अजून त्या घंटेशेजारी टांगलेल्या आहेत. नवे हेडमास्तर आले आणि कुणा पोराला शिक्षा करायला निघाले, की शिपाई त्या वहाणा काढून त्यांच्यापुढे ठेवतो. "सर, आधी त्याच्या घरापासनं चालत या," म्हणतो. "मग काय ते बोला."