दोन खिट्ट्यांची पेटी

“दादाला बरं व्हायचंच नव्हतं का, अप्पा?”

बसूनं हे डॉक्टरांना विचारलं होतं, वहिनीला विचारलं होतं, दादाच्या मातीला आलेल्या पाहुण्यांनाही विचारलं होतं. आता तो अप्पांना विचारत होता.

मठाचे स्वामी अप्पा ओसरीवर आंबील ढवळत होते. ते ढवळतच राहिले.

बसूनं खांद्यावरची हातभर लांब पेटी धाडकन खाली ठेवली. सातवीत शाळा सोडून फाटकं आणि ग्रिल जोडणारा पोरगा, पण पेटी बघत राहावी अशी. कप्पी, दोरी, स्प्रिंग, पायाखालचं पॅडल, सगळं घडी घालून आत बसवलेलं.

“लकव्यानं दादाची उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातलं व्यायामाचं मशीन घरी आणता येतंय होय? म्हणून ही केली. बाजेला लावा, खुर्चीला लावा. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम तर बघतच राहिल्या.”

“मग?”

“सकाळी मी उघडून द्यायचो तेव्हा करायचा. दुपारी एकटा कर म्हटलं की होय म्हणून मान हलवायचा. संध्याकाळी येऊन बघावं तर पेटी बंद. रोज. एकदा मी…”

“काय?”

“जगायचं नसेल तर तसं सांग म्हणालो त्याला. त्याच आठवड्यात दुसरा झटका आला.”

बसूनं पेटी पायानं ढकलली.

“नदीत टाकतो आता ही. पेटीत खोट नाही, अप्पा. खोट त्याच्या मनात होती.”

अप्पांनी आंबिलीचा काठोकाठ भरलेला वाडगा त्याच्या उजव्या हातात दिला.

“सांडू नको. खाली ठेवू नको. आता उघडून दाखव.”

“त्यात काय?”

बसूनं डाव्या हातानं एक खिट्टी वर ओढली. दुसरी दुसऱ्या टोकाला होती. पोराटोरांची बोटं सापडू नयेत म्हणून त्यानंच तशी सोय केली होती. दोन्ही एकदम ओढल्या तरच झाकण उघडायचं.

त्यानं पेटी गुडघ्यांत धरली. कोपर लावून पाहिलं. आंबील मनगटावर सांडली.

“वाडगा ठेवू का, अप्पा?”

“तुझ्या दादाला ठेवता येत होता?”

बसू इरेला पेटला. एक खिट्टी हातानं ओढून धरली, दुसरीला दात लावायला वाकला… आणि तसाच थांबला.

खिट्टीच्या रबरी टोपीवर आतल्या बाजूनं दातांच्या खुणा होत्या. एकावर एक. रबर पार कुरतडलेलं.

…

“रोज,” बसू म्हणाला. “अप्पा, हा रोज…”



बसूनं खिशातून पेचकस काढला. वाडगा उजव्या हातात तसाच. डाव्या हातानं चाचपडत, घामाघूम होत, त्यानं अलीकडची खिट्टी उखडून काढली. दात लागलेली राहू दिली. मग ती एका बोटानं ओढली.

झाकण उघडलं.

“कुंभारगल्लीत मल्लव्वाकाकू पडून आहे. तिला देतो ही,” तो म्हणाला. डोळे वाहत होते, पण आवाज पक्का होता. “पुढची सगळी एकाच हाताची करणार. करताना हातात वाडगा घेऊनच बसणार मी.”

“बसशील,” अप्पा वाडग्याकडे बोट करत म्हणाले. “आता दादाचा हात खाली ठेव.”