आठात तीन

“बँक शंभरातले आठ रुपये संगणकावर खर्च करते, मग दवाखान्यानं दोनच का करायचे, भन्तेजी?”

भन्ते उपसेनांनी सुई उजेडाकडे धरली. एक डोळा मिटला.

“विमा कंपनी सहा करते,” ती म्हणाली. “कारखानासुद्धा तीन करतो. आपण त्याच्याही खाली.”

भन्तेंनी दोऱ्याचं टोक ओलं केलं. दोरा सुईच्या शेजारून निघून गेला.

“तुम्ही ऐकताय ना?”

“ऐकतोय. कारखान्याच्याही खाली.”

विचारणारी उत्पला गजघाटे. दूरदेशी इस्पितळांचा कारभार शिकून ती पावसाळ्याआधी परत आली होती. टेकडीच्या पायथ्याशी लोकवर्गणीतून बांधलेला दवाखाना आहे. त्याची घडी बसवायचं काम तिच्याकडे आलं होतं. परदेशात एक मोठी नोकरी तिची वाट पाहत होती. ती तिनं नाकारली होती... आणि पुरती नाकारलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांची बैठक होती. भन्ते त्यांतले एक. बाकीच्यांनी तिला एकच सांगितलं होतं: भन्ते हो म्हणाले की आमचं हो. म्हणून ती लॅपटॉप घेऊन टेकडी चढून विहारात आली होती.

दिवस ‘कठीण चीवर’ सोहळ्याचा होता. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागीचा मुक्काम, संपला की लोक विहाराला कापड दान देतात. या विहारात जुनी रीत अजून पाळतात. दान आलेलं कापड त्याच दिवशी कापायचं, शिवायचं, रंगवायचं आणि सूर्य मावळायच्या आत त्याचं चीवर, भिक्खूचं वस्त्र, एका भिक्खूच्या हातात द्यायचं. कितीही वृद्ध भिक्खू असला तरी त्या दिवशी तो टाके घालतो.

अंगणात पांढरं कापड पसरलं होतं. चार भिक्खू चार बाजूंना शिवत होते. मधली शिवण भन्तेंची. ती अजून सुरूच झाली नव्हती. पलीकडे चुलीवर कौसल्याबाई नंदेश्वर रंगासाठी सालीचं पाणी उकळत होत्या.

“आता माणसं बघा,” उत्पला म्हणाली. “बँकेत शंभर कर्मचाऱ्यांमागे संगणकाची सात माणसं. आपल्याकडे एक. तोही अर्धा दिवस प्रिंटरमधला कागद ओढत बसतो.”

“निघतो का कागद?”

“भन्तेजी, मी गंभीरपणे बोलतेय.”

“मीही. निघतो का?”

“...कधी कधी.”

चुलीजवळून हसण्याचा आवाज आला.

“काय मोजून राहिली वं पोरी तू एवढं?” कौसल्याबाई म्हणाल्या. “सकाळपासून तुझं तोंड थांबलं नाही.”

“मावशी, आपला दवाखाना किती मागं आहे ते मोजतेय. आपल्या लोकांनी पोटाला चिमटा काढून उभा केलाय तो. मागं का राहावा?”

भन्तेंनी सुई खाली घेतली आणि तिच्याकडे पाहिलं.

“तुला काय हवं?”

“बँकेइतका वाटा. शंभरातले आठ. नवी यंत्रणा आणि सहा माणसं.” ती थांबली. “उद्या हे नामंजूर झालं तर मी परत जाईन. धमकी म्हणून सांगत नाही.”

“मग कशासाठी सांगतेस?”

“...तुम्हाला माहीत असावं म्हणून.”

“माहीत झालं.”

सुई पुन्हा उजेडाकडे गेली. दोरा पुन्हा शेजारून गेला.

“तुझ्या तक्त्यात भिक्खूचा रकाना आहे का?” भन्तेंनी विचारलं.

“भिक्खूचा?”

“बँक आहे, विमा आहे, कारखाना आहे. आम्ही नाही?”

“तुमचं उत्पन्न काय धरू, भन्तेजी?”

“उत्पन्न नाही. जवळ असतं ते सगळं धर. भिक्खूजवळ आठ वस्तू असतात.” भन्ते बोटांवर मोजू लागले. “तीन चीवरं. एक भिक्षापात्र. कमरपट्टा. वस्तरा. सुई. पाणी गाळायचं फडकं.”

“झाल्या आठ.”

“यांत अवजारं किती?”

उत्पलानं क्षणभर विचार केला. “वस्तरा, सुई... आणि गाळणं. तीन.”

“आठात तीन. शंभरात किती?”

“साडेसदतीस.”

ती म्हणून गेली आणि स्वतःच दचकली.

“बँकेचे किती म्हणालीस?”

“...आठ.”

चुलीजवळ पळी खाली पडली. “अवं माय! म्हणजे आपले भन्तेजी ब्यांकेच्याही समोर?”

“थांबा मावशी,” भन्ते म्हणाले. “माणसं राहिली. उत्पला, शिवणारा मीच, गाळणारा मीच, वस्तरा चालवणारा मीच. शंभरामागे किती धरशील?”

“शंभर.” तिला आता हसू आवरत नव्हतं.

“लिही मग.”

“खरंच लिहू?”

“आकडा खरा आहे ना?”

तिनं लिहिलं. मोठा आकडा आपोआप वर जावा अशी सोय तिनंच तक्त्यात करून ठेवली होती. बटण दाबताच भिक्खूंची ओळ टुणकन उडून सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली. खाली बँक. तिच्याखाली विमा कंपनी.

तिनं लॅपटॉप फिरवला. चारही भिक्खू शिवण सोडून वाकले. सर्वांत धाकट्या भिक्खूनं बँकेच्या ओळीकडे बोट दाखवलं.

“यांना कळवायला हवं,” तो म्हणाला. “बिचारे मागं पडलेत.”

मग सगळेच हसले. उत्पला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली, आणि ती हळूहळू गप्प झाली.

“म्हणजे माझा तक्ता चुकीचा आहे.”

“मी कुठं म्हटलं? बेरीज चुकली का?”

“नाही.”

“मग बरोबर आहे.”

“बरोबर आहे तर मग... दवाखान्यानं कुणाची बरोबरी करायची?”

भन्तेंनी सुई कापडावर ठेवली, दोरा तिच्याजवळ ठेवला आणि कापड उत्पलाकडे सरकवलं.

तिनं सुई उचलली. पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. सुई पुन्हा कापडावर ठेवून तिनं ते भन्तेंकडे सरकवलं.

“सकाळपासून जमत नव्हतं,” भन्ते म्हणाले.

“मग सांगायचं ना, भन्तेजी. मी इथंच तर बसले होते.”

“तू बँकेचं सांगत होतीस.”

उत्पलानं लॅपटॉप मिटला.

भन्ते शिवू लागले.

“हे चीवर कुणाला देणार?” तिनं विचारलं.

“ठरलं नाही.”

“मग कसं ठरवता? वयानं?”

“नाही.”

“मागच्या वर्षी कुणाला मिळालं ते बघून? का दुसऱ्या विहारांत कसं देतात ते विचारून?”

“तिसऱ्या प्रहरी आम्ही पाचही जण बोधिवृक्षाला फेरी घालतो,” भन्ते म्हणाले. “एकामागून एक. पुढच्याची पाठ मागच्याला दिसते. स्वतःचं कुठं विरलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. ज्याचं सगळ्यात विरलं असेल, त्याला.”

त्यांनी टाका घातला. मग मान वर न करता विचारलं:

“दवाखाना कुठं विरलाय?”

उत्पलाचा हात लॅपटॉपवर गेला. तिथंच थांबला.

“...ते यात नाही.”

“बरं.”

“उद्या बैठक आहे, भन्तेजी. मी काय सांगू?”

“उद्याचं उद्या. आता ते टोक धर. ऊन सरकायला लागलं.”

तिनं टोक धरलं. कौसल्याबाईंनी आपल्या पदराला टोचलेली सुई तिला दिली. ती शिवू लागली. थोड्या वेळानं कौसल्याबाई तिच्या खांद्यावरून डोकावल्या.

“हे शिवण हाय का सापाची वाट?”

“मावशी, मला कुणी शिकवलंच नाही.”

“एवढ्या दूर जाऊन टाका घालाले नाही शिकवत?” त्या तिच्याशेजारी बसल्या. “दे इकडं. तो उसव. आता पाहा माझ्याकडं.”

सापाची वाट उसवली गेली. दुसऱ्यांदा ती पाऊलवाट झाली. तिसऱ्यांदा कौसल्याबाई काही बोलल्या नाहीत, आणि उत्पलाला परीक्षेत पहिली आल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला.

तिसऱ्या प्रहरी पाच भिक्खू बोधिवृक्षाभोवती फिरले. सर्वांत धाकट्याची पाठ पाहून मागचा थांबला. खांद्याखाली त्याचं चीवर इतकं विरलं होतं की आतलं अंग दिसत होतं. त्याला स्वतःला पत्ताच नव्हता. बँकेला कळवायला निघालेला हाच.

कापड रंगात बुडालं, पिवळंधमक होऊन वर आलं, दोरीवर चढलं. वाऱ्यानं ते फुगलं तेव्हा उत्पला त्याखालून दोनदा पळत गेली. तिच्या कपाळावर रंग ठिबकला. तिनं तो पुसला नाही.

सूर्य क्षितिजाला टेकायच्या आत चीवर दिलं गेलं. सगळ्यांनी मिळून “साधु, साधु, साधु” म्हटलं.

निघताना ती भन्तेंसमोर बसली. तीनदा वंदन केलं.

“उद्याची बैठक पुढं ढकलायला सांगते,” ती म्हणाली. “उद्या पहाटे मावशींना दवाखान्यात गुडघे दाखवायला जायचंय. मी त्यांच्या मागं रांगेत उभी राहीन. ओळख सांगणार नाही.”

“माझ्या मागं?” कौसल्याबाई म्हणाल्या. “मंग डबा घेऊन ये पोरी. दोघींचा.”

भन्ते हसले. त्यांनी आपली सुई घेतली, कापडाच्या उरलेल्या चिंधीत टोचली आणि चिंधी उत्पलासमोर ठेवली.

तिनं ती उचलली नाही. “ही तुमच्या आठांतली आहे.”

“आता माझ्या सातच धर.”

“सातात दोन...” तिनं मनात भागलं. डोळे चमकले. “तरीही बँक मागंच आहे, भन्तेजी.”

“राहू दे. येईल सावकाश.”

तिनं चिंधी ओंजळीत घेतली. पायऱ्यांपर्यंत गेली. पुन्हा वळली.

“सुई परत कधी आणून देऊ?”

भन्तेंनी दोरीवरच्या, आता रिकाम्या, जागेकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“फाटायचं थांबलं की.”