तरंगबंदी

तळं आपोआप आटलं असं म्हणणाऱ्यांनी आता खोटं बोलणं थांबवावं. झरे बुजत होते तेव्हा ते काठावरच होते. पाणी कमी होतंय याची त्यांना काळजी नव्हती. ते हलतंय याची होती.

त्या तळ्यात तरंगबंदी होती. कासवराज रोज सकाळी पाण्यात स्वतःचं मुख पाहत, आणि एवढीशी लाट उठली तरी मुखाचे तुकडे होत. म्हणून पोहायचं ते संथ, बुडी मारायची ती गुपचूप. टिबुकली नावाची आखूड पंखांची पाणपक्षीण एकदा धपकन बुडाली, तर तिच्या पायांत वेलीची बेडी घालून तिला काठावर बसवलं. कासवराजांच्या पाठीवर बसून त्यांचं कवच चकचकीत ठेवणारी गोगलगाय तेव्हा म्हणाली होती, "शिस्त हवीच."

डोंगरापलीकडे मोठं पाणी होतं. तिकडे चालत निघालेले वाटेतच सुकून मेले. तेव्हा भिवरी या पाणमांजरीनं उडती नाव बांधायला घेतली. पहिली वेताची होती. वादळी दिवशी ती उडाली आणि लव्हाळ्यात कोसळली. दुसरी समोरच्या काठापर्यंत पोचली. तिसरी मात्र अवाढव्य झाली: सागवानी पोट, एकावर एक असे दोन पंख, वर सहा इंजिनं. तिच्या पोटात तळ्यातली सगळी पिल्लं मावली. भिवरीची दोनही त्यांतच होती.

उड्डाणाच्या दिवशी प्रधान बेडूकरावांनी सगळ्यांना काठावर बसवलं. "शुभकार्य आहे. कुणी शिंकायचंसुद्धा नाही."

कुणी शिंकलं नाही. इंजिनं गरजली, नाव धावली. पण पाणी काचेसारखं गुळगुळीत होतं, आणि ओल्या पाटाला तांब्या चिकटावा तसा नावेचा तळ त्याला चिकटला. समोरचे खडक जवळ आले तशी भिवरीनं नाव वळवली. आपल्याच लाटांवरून उठावं म्हणून ती फिरून आली, तोवर त्या विरून गेल्या होत्या. आणखी एक धाव वाया गेली असती, तर डोंगर ओलांडायला इंधन पुरलं नसतं. भिवरीनं नाव काठाशी आणली आणि इंजिनं मंदावली.

"नाव जड झालीय," बेडूकराव म्हणाले. "अर्धी पिल्लं उतरव."

"कुठली अर्धी?"

बेडूकरावांनी घसा साफ केला. "ते तू ठरव. तू आई आहेस."

"प्रधानजी, नाव जड नाही. पाणी तिला सोडत नाहीये. वेताची नाव उडाली त्या दिवशी तळं खवळलं होतं. मला लाटा हव्यात."

"लाटा? लहान मुलांदेखत?"

काठावर टिबुकलीनं चोचीनं वेल तोडायला सुरुवात केली होती. बेडी तुटली तशी ती उठली.

"काय गं भिवरे, किती लाटा हव्यात?"

"जमतील तेवढ्या."

"पोरं सांभाळ. आणि मला न्यायला ये."

"येते."

इंजिनं पुन्हा गरजली आणि टिबुकली पंख आपटत, पाणी उडवत नावेच्या पुढे धावत सुटली. मग एका आईनं काठावरून उडी घेतली, मग दुसरीनं. म्हातारे मासे तळातून वर येऊन शेपट्या आपटू लागले. पहारेकरी ओरडत होते, पण इंजिनांपुढे त्यांचं कुणाला ऐकू येणार? नाव एका लाटेवर आदळली, दुसरीवर उसळली, पिल्लं एकमेकांवर पडून रडू लागली. मग अचानक हादरे थांबले. भिवरीनं खाली पाहिलं. खाली तिच्या नावेची सावली एकटीच पोहत होती.

पिल्लांना मोठ्या पाण्यावर सोडून, तिकडेच इंधन भरून ती शब्द पाळायला परतली. तळं आणखी आखडलं होतं. काठावर दवंडी चालू होती: सर्वांनी पाळलेल्या शांततेमुळेच नाव उडाली. कासवराज सिंहासनासकट नावेत चढले. मागोमाग दरबार चढला.

"टिबुकली कुठाय?" भिवरीनं विचारलं.

"कोण?" बेडूकराव म्हणाले.

"आणि त्या आया?"

"त्यांना डोंगरामागच्या कोरड्या खाणीत हलवलंय. मासेही गाळात दाबलेत. आता तुला कसलाच त्रास नाही."

"त्यांना आणा. त्यांच्यावाचून नाव उठणार नाही."

"भिवरे, नाव एकदा उडाली ना? म्हणजे ती उडते."

तिच्या पाठीला दोन भाल्यांची टोकं लागली. तिनं इंजिनं सोडली. नाव धावू लागली, धावतच राहिली. काठावर दरबारानं नेमलेले लोक श्वास रोखून बसले होते. समोरचे खडक पहिल्यापेक्षा कितीतरी जवळ होते, आणि पायाखालचा तळ पाण्याला चिकटलेला भिवरीला कळत होता.

गोगलगाय कासवराजांच्या पाठीवरून खिडकीकडे झुकली.

"महाराज, बघा तरी," ती म्हणाली, "आज पाणी कसं आरशासारखं आहे."