मुकिंदाने भुऱ्याची दिवाळी सांभाळली

भोकरदरा नावाच्या गावात एक भोळा गडी राहायचा. त्याचं नाव मुकिंदा. बायकोने "जरा दुधाकडे बघा" म्हटलं, की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो बघत बसायचा. बघायला सांगितलं होतं, उतरवायला नव्हतं.

मुकिंदाचा एक कुत्रा होता, भुऱ्या. तो कोल्ह्या-लांडग्याला भ्यायचा नाही, पण लवंगी फटाका वाजला की शेपूट पोटाखाली घ्यायचा. गेल्या दिवाळीत सुतळी बॉम्बच्या आवाजाने जो पळाला, तो चौथ्या दिवशी लंगडत परत आला. ते चार दिवस मुकिंदाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. म्हणून यंदा वसुबारसेलाच तो तालुक्याला गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फटाके सुरू झाले की त्याला आतल्या खोलीत ठेवा. दार लावून घ्या. आतून कितीही ओरडा झाला तरी फटाके थांबेपर्यंत उघडू नका."

"नाही उघडणार," मुकिंदा म्हणाला.

धनत्रयोदशीला संध्याकाळी पहिला फटाका वाजला. मुकिंदाने भुऱ्याला उचललं, आतल्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. त्याच खोलीत त्याची बायको रखमा करंज्या लाटत बसली होती.

थोड्या वेळाने आतून दार वाजलं.

"अहो, कडी काढा. मी आत आहे."

"ठाऊक आहे. पण कितीही ओरडा झाला तरी उघडायचं नाही."

"ते कुत्र्याचं सांगितलंय."

"कुत्रा तर गप्प आहे. ओरडतेस तूच."

फटाके थांबायला दोन तास लागले. दार उघडलं तेव्हा भुऱ्या पोळपाटाला टेकून झोपला होता आणि रखमा लाटणं घेऊन उभी होती.

"नीट ऐका," ती म्हणाली. "फटाके वाजायला लागले की कुत्रं आत, माणसं बाहेर. एवढं ध्यानात ठेवा."

मुकिंदाने ध्यानात ठेवलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रखमा झेंडू आणायला मळ्यात गेली होती. तेवढ्यात तिचे वडील, अप्पा, दिवाळीसाठी लेकीकडे आले. बाहेर फटाके सुरू झालेच होते. मुकिंदा उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"या मामा, बसा. आत नाही, अंगणात."

"अंगणात का?"

"कुत्रं आत, माणसं बाहेर. तुमच्याच लेकीने सांगितलंय."

अप्पा अंगणातल्या बाजेवर बसले. जावयाच्या घरी किती बोलायचं, असं त्यांना वाटलं. समोरच्या घरातल्यांनी आधी फुलबाज्या लावल्या, मग लडी, मग बाण. एक बाण वर जायचा तो आडवा गेला आणि अप्पांच्या पागोट्यात घुसला. भुऱ्या आत पाहुण्यांच्या गादीवर घोरत होता.

रखमा आली तेव्हा अप्पा पागोट्यावर पाणी ओतत होते. तिने फुलांची टोपली खाली ठेवली.

"दाराशी आलेल्या घाबरलेल्या जिवाशी असं वागतात होय? त्याला आत घ्यावं. पांघरूण द्यावं. फराळ पुढं ठेवावा. चार शब्द हळू, मायेने बोलावेत."

"हे आधी सांगितलं असतंस तर मामांचं पागोटं वाचलं असतं," मुकिंदा म्हणाला.

पाडव्याला रखमा अप्पांना घेऊन देवळात गेली. इकडे फटाके सुरू झाले आणि दाराशी एक मरतुकडं कुत्रं थरथरत येऊन उभं राहिलं. मुकिंदाने त्याला आत घेतलं, गोधडी पांघरली, पुढ्यात लाडू ठेवला. मग आणखी दोन आली. मग सगळी आळीच आली. मागोमाग सरपंचांची शेळी आली. शेवटी कुंभाराचं गाढव आलं.

रखमा परतली तेव्हा घरात अकरा कुत्री ओळीने झोपली होती. शेळीच्या अंगावर अप्पांची शाल होती. गाढवाला गोधडी पुरली नाही म्हणून रखमाचं पाडव्याचं कोरं लुगडं पांघरलं होतं. फराळाचे डबे पालथे पडले होते. मुकिंदा गाढवापाशी बसून हळू आवाजात म्हणत होता, "आणखी अर्धी करंजी घ्या. तुम्ही काहीच खाल्लं नाहीत."

रखमा उंबऱ्यावरच बसली. तिच्यात ओरडायचं त्राण उरलं नव्हतं.

"आपलं कोण, परकं कोण, एवढं तरी बघावं," ती म्हणाली. "जो आपला जीव आहे त्याच्या गळ्यात पट्टा बांधावा. पट्ट्याला पाटी अडकवावी. पाटीवर आपलं नाव, आपलं गाव. मग तो कुठंही भरकटला तरी लोक त्याला घरी आणून पोचवतील."

हे मात्र मुकिंदाला मनापासून पटलं. गेल्या वर्षीचे ते चार दिवस त्याला आठवले. त्याने चामड्याचा एक पट्टा कापला. मग थोडा विचार केला आणि दुसराही कापला.

भाऊबीजेच्या सकाळी अप्पा म्हणाले, "पुरे झाली दिवाळी. मी निघतो."

रखमा नवऱ्याला म्हणाली, "अप्पांना जीपमध्ये नीट बसवून द्या. वय झालंय. डुलकी लागली तर भलतीकडेच उतरायचे."

मुकिंदा लगेच उठला. थंडी होती, म्हणून त्याने आपल्या हाताने अप्पांच्या गळ्याला मफलर गुंडाळला, मागच्या बाजूला गाठ मारली, पाठीवरून एकदा हात फिरवला. अप्पांनाही बरं वाटलं. जावई भोळा आहे, पण माया करतो, असं ते जीपमधल्या माणसांना सांगत गेले.

दुपारी अंगणात दुसरीच एक जीप येऊन थांबली. जीपवाल्याने अप्पांना दंडाला धरून खाली उतरवलं. अप्पांचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज बसला होता. मफलरखालून त्यांच्या पाठीवर पाटी लोंबत होती:

"हा मुकिंदाचा आहे. राहणार भोकरदरा. फटाक्यांना भितो. चावत नाही. सापडल्यास आणून द्यावा."

"तुमचेच ना हे?" जीपवाल्याने विचारलं. "तालुक्याला फिरत होते. सारखे म्हणत होते, मी माझ्या घरी चाललोय. हरवलेली माणसं असंच म्हणतात."

रखमाने तोंडाला पदर लावला. ती रडते की हसते, ते कळेना. मुकिंदाच्या डोळ्यांत मात्र खरंच पाणी आलं.

"बघितलंस?" तो तिला म्हणाला. "पट्टा होता म्हणून मामा सापडले."

"ते झालं," जीपवाला म्हणाला, "पण पाटीवर खोटं लिहू नये, दादा." आणि त्याने रुमाल बांधलेलं मनगट पुढं केलं.

मुकिंदाने रुमाल सोडून मनगट नीट पाहिलं. दातांचे वळ होते. तो घरात गेला, रंगाचा डबा आणि काडी घेऊन आला.

"मामा," तो म्हणाला, "जरा पाठ करा इकडं. 'चावतो' लिहायचंय."